बटण दाबूनही टप हलत नाही तेव्हा: जुन्या उघड्या गाड्यांचा यांत्रिक टप हाताने कसा लावतात

जुन्या गाड्यांच्या रॅलीत सर्वाधिक गर्दी जमते ती कापडी टप आपोआप मिटणाऱ्या गाडीभोवती. मालक डॅशबोर्डखालचे बटण दाबतो, मागच्या सीटमागून मोटारीची घरघर ऐकू येते, मिटलेला सांगाडा सावकाश उभा राहतो आणि पुढच्या काचेच्या चौकटीवर येऊन टेकतो. पाहणाऱ्याला यात अवघड असे काही दिसत नाही. अवघड प्रसंग येतो तो बटण दाबूनही काही घडत नाही तेव्हा, आणि त्याहूनही टप निम्म्यावर येऊन थांबतो तेव्हा. घोडबंदर रस्त्याच्या कडेला गाडी उभी आहे, येऊरच्या डोंगरावर पाऊस दिसू लागला आहे, मदतीला चार धडधाकट माणसे धावून आली आहेत आणि तरीही टप तसूभर सरकत नाही. अशा वेळी कोणालाही प्रश्न पडावा की, साधे कापड आणि चार लोखंडी कमानी एवढ्या माणसांना दाद का देत नाहीत?

याचे कारण टपाच्या वजनात नाही. टप अडतो तो आत कोंडलेल्या तेलामुळे. त्या तेलाला वाट करून दिली, तर बहुतेक जुन्या गाड्यांचा टप दोन माणसांना हाताने लावता येतो. वाट न देता जोर केला, तर दुरुस्तीचे काम दुप्पट होते.

हा प्रश्न आज अधिक वेळा पुढे येतो, त्यालाही कारण आहे. मुंबई परिसरात जुन्या अमेरिकन गाड्यांची परंपरा मोठी. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला आणि तो १९५४ पर्यंत चालला. पुढे कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो या गाड्या जोडल्या. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करता येते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती बाहेर पडते. म्हणजे ती महिनोन्‌महिने उभी राहते, तिच्या यंत्रणेतील रबरी सील सुकतात आणि वर्षातून ज्या एका दिवशी टपाची खरी गरज असते, नेमका त्याच दिवशी तो दगा देतो.

टपाच्या आत काय असते

कापडाखाली लोखंडी सांगाडा असतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना सांध्यांवर मिटणाऱ्या लांब पट्ट्या असतात आणि त्यांना आडव्या जोडणाऱ्या कमानी असतात. सर्वांत पुढची कमान रुंद आणि भक्कम असते. टप बंद केला की ती पुढच्या काचेच्या चौकटीवर बसते आणि दोन कड्यांनी तेथे घट्ट होते. पुष्कळ जुन्या गाड्यांत या कड्या हातानेच लावाव्या आणि सोडवाव्या लागतात, गाडीला बटण असले तरीही.

हा सांगाडा उचलण्याचे काम मागच्या सीटच्या दोन्ही अंगांना, आतल्या पॅनेलआड उभे केलेले दोन सिलिंडर करतात. प्रत्येक सिलिंडरमधून एक पोलादी दांडा बाहेर येतो आणि त्याचे टोक सांगाड्याच्या मुख्य बिजागरीला पिनेने जोडलेले असते. सीटमागे किंवा डिकीत एक विजेची मोटार आणि तिला जोडलेला तेलाचा पंप असतो. मोटार एका दिशेने फिरली की पंप सिलिंडरच्या खालच्या कप्प्यात तेल ढकलतो, दांडे वर येतात आणि टप उभा राहतो. मोटार उलटी फिरली की तेल वरच्या कप्प्यात जाते आणि टप मिटतो. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या अशा रचनेला हायड्रॉलिक यंत्रणा म्हणतात.

सुरुवातीपासून असे नव्हते. प्लायमाउथने १९३९ मध्ये यांत्रिक टप बाजारात आणला, तेव्हा त्याचे सिलिंडर इंजिनाच्या हवा ओढून घेण्याच्या शक्तीवर चालत. हवेवरची यंत्रणा बंद पडली तरी टप हाताने हलवणे तुलनेने सोपे असते, कारण हवा दाबली जाते आणि पसरतेही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेलाची यंत्रणा रूढ झाली आणि हाताने टप लावण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हापासून अवघड झाला.

चार माणसांनाही तो का हलत नाही

होळीची पिचकारी पाण्याने काठोकाठ भरावी, तिच्या तोंडावर अंगठा गच्च धरावा आणि दांडा दाबून पाहावा. पाण्याला बाहेर पडायला जागा नाही आणि पाणी आकुंचन पावत नाही, म्हणून दांडा पुढे जात नाही. टपाच्या दोन्ही सिलिंडरांत हेच घडते. मोटार थांबलेली असताना पंपातील झडपा आणि चक्रे तेलाची वाट अडवून धरतात. बाहेरून सांगाडा ओढला की दांडा तेलावर रेटतो आणि तेल त्याला तेवढ्याच जोराने अडवते.

सर्व पंप सारख्याच घट्टपणे तेल अडवत नाहीत. पुष्कळ जुन्या अमेरिकन पंपांत चक्रांच्या फटीतून तेल थोडे थोडे झिरपू शकते, त्यामुळे टप अगदी सावकाश आणि एकसारखा ढकलला तर तो सरकतो. झटका दिला तर मात्र अडतो. म्हणून आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे प्रथम बोटभर ढकलून पाहावे. टप सावकाश दबून सरकत असेल, तर पुढची पुष्कळ खटपट वाचते.

याच तर्काने एक उलटे लक्षणही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. टप हाताला काहीही विरोध न करता अलगद उठला, तर ती आनंदाची बातमी नसते. आतले तेल गळून गेले असण्याचा संभव असतो आणि ते बहुधा मागच्या सीटखालच्या गालिच्यात सापडते.

हात लावण्याआधी: बिघाड नेमका कुठे आहे

बटण दाबून कान द्यावा. मोटारीचा आवाजच नसेल, तर दोष विजेचा आहे: बॅटरी उतरलेली, फ्यूज उडालेला, अर्थिंगची तार गंजलेली किंवा बटणच निकामी झालेले. वाशी-नेरुळसारख्या खाडीकाठच्या भागांत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत अर्थिंगच्या जोडावर गंज चढलेला वारंवार आढळतो, आणि काच-कागदाने तो जोड घासून पुन्हा आवळला एवढ्यावर काम होऊन जाते. मोटार फिरते पण टप हलत नाही, असे असेल तर दोष तेलाचा किंवा सांगाड्याचा असतो. पुढच्या कड्या सोडवायच्याच राहिल्या आहेत का, हेही पाहून घ्यावे. मोटार बंद कडीशी झगडत राहिली की तापते आणि पुष्कळ गाड्यांत उष्णतेने तुटणारा सर्किट ब्रेकर वीजपुरवठा थांबवतो. तो थंड झाल्यावर आपोआप जुळतो. पाच-दहा मिनिटे बटणाला हात न लावता थांबणे हाच अशा वेळी उपाय असतो.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज देण्याआधी एक खात्री करून घेतलीच पाहिजे. अमेरिकन गाड्या १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टवर चालत, आजच्या गाड्या १२ व्होल्टवर चालतात. ६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टची बॅटरी जोडली, तर टप हलण्याआधी दिवे आणि उपकरणे जळण्याचा धोका असतो.

हाताने टप लावण्याचा क्रम

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे, कारण एक पायरी मागेपुढे झाली की पुढची अडते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून उभी करावी आणि वर पाहावे. ठाण्या-नवी मुंबईतील बहुतेक सोसायट्यांत वाहनतळ इमारतीच्या खांबांमध्ये किंवा पोडियमखाली असते आणि त्याच्या छतालगत पाण्याचे व आग विझवण्याचे पाइप गेलेले असतात. उभा होताना टप बंद स्थितीतल्या उंचीपेक्षा बराच वर जातो. बंद गाडी जेथे आरामात मावते, तेथे अर्ध्यावरची कमान पाइपाला जाऊन धडकते. वारा असेल तर गाडीचे तोंड आडोशाकडे करावे.

त्यानंतर दारांच्या आणि मागच्या बाजूच्या सर्व काचा पूर्ण खाली घ्याव्यात. काचा विजेवर चालणाऱ्या असतील, तर हे काम बॅटरीला हात लावण्याआधीच झाले पाहिजे, अन्यथा काचा वर आणि बॅटरी सुटलेली अशी कोंडी होते. काचा उतरल्या की किल्ली काढावी आणि बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवावे, म्हणजे कोणाचा तरी हात चुकून बटणावर पडला आणि बोटे सांध्यात असताना मोटार फिरली असे होणार नाही.

आता तेलाला वाट करून देण्याचा भाग. काही गाड्यांत पंपावरच एक बायपास व्हॉल्व्ह असतो, म्हणजे सिलिंडरच्या दोन कप्प्यांमधला आडमार्ग उघडणारा स्क्रू किंवा मूठ. सीटमागचे किंवा डिकीतले पॅनेल काढून तो सावकाश सैल करावा. किती फिरवायचा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तो पूर्ण बाहेर काढायचा नसतो, कारण मग तेल बाहेर येते. असा व्हॉल्व्ह नसेल आणि टप सावकाश ढकलूनही सरकत नसेल, तर दुसरा मार्ग उरतो: दोन्ही दांड्यांची वरची पिन काढून सिलिंडर सांगाड्यापासून सोडवणे. येथे सर्वांत मोठा धोका असतो. टप निम्म्यावर थांबलेला असेल, तर त्याचे सगळे वजन त्याच दोन पिनांवर तोललेले असते. पिन काढण्यापूर्वी दोन माणसांनी सांगाडा दोन्ही बाजूंनी पेललेला असला पाहिजे, आणि पिन काढणारा तिसरा असला पाहिजे. पिन हाताने हलत नसेल, तर हातोडी न मारता सांगाडा किंचित वर-खाली करून पाहावा; भार उतरताच पिन बहुधा मोकळी होते. काढलेल्या पिना, वॉशर आणि कॉटर पिना कोणत्या बाजूच्या ते लक्षात ठेवून एका डबीत टाकाव्यात. सुटलेले दांडे जाड फडक्यात गुंडाळावेत, म्हणजे आतल्या अस्तराला ओरखडे येणार नाहीत.

मग प्रत्यक्ष उचलणे. दोन माणसे दोन बाजूंना, एकमेकांकडे तोंड करून उभी राहतात आणि पुढच्या कमानीच्या कोपऱ्याजवळ धरतात. मधले कापड कोणीही ओढायचे नाही. एकाने तोंडाने इशारा द्यावा आणि दोघांनी एकाच वेगाने उचलावे, कारण एक बाजू चार बोटे पुढे गेली तरी सांगाडा पिळवटतो आणि मग टप बसताना दरवाजाच्या काचेशी कायमची फट राहते. पहिली दोन वीत उंची सर्वांत जड जाते, कारण तेव्हा सांगाडा आडवा असतो. उभा होत आला की तो हलका लागतो, आणि नेमके तेथेच सावध राहायचे असते: मध्य ओलांडला की वजन पुढच्या काचेकडे झुकते, आणि आतापर्यंत उचलणाऱ्या हातांना आता त्याला रोखून धरत उतरवावे लागते. तेलाचा विरोध नसल्याने सोडलेला टप काचेच्या चौकटीवर आपटू शकतो. बोटे पट्ट्यांच्या सांध्यांपासून दूर ठेवावीत, कारण तेथे दोन पोलादी पट्ट्या एकमेकींवर पूर्ण मिटतात.

कमान चौकटीपाशी आली आणि एक-दोन बोटांचे अंतर राहून अडली, तर घाबरण्याचे कारण नाही. टपाचे कापड व्हिनाइलचे, म्हणजे प्लास्टिकसारखे असेल, तर बराच काळ मिटून राहिल्यावर ते आखडते. ऊन असेल तर गाडी थोडा वेळ उन्हात ठेवावी, कापड सैलावते. मग एकाने आत बसून कमान खाली ओढावी आणि दुसऱ्याने बाहेरून तळहाताने दाबावी. दोन्ही कड्या पूर्ण बसल्याशिवाय गाडी चालवू नये. एकच कडी लावून पाम बीच रस्त्यावर वेग घेतला, तर आत शिरणारा वारा टप मागे उलटवू शकतो.

टप बंद असेल आणि उघडायचा असेल तर

हे काम सोपे आहे, परंतु निकडीचे क्वचितच असते. मागची पारदर्शक खिडकी चेनने लावलेली असेल, तर तिची चेन उघडण्याची सूचना काही गाड्यांच्या पुस्तिकेत असते, ती पाळावी. टप जेथे मिटून बसतो ती सीटमागची खोबण रिकामी आहे का ते हात घालून तपासावे, कारण तेथे विसरलेली छत्री कापड आणि खिडकी दोन्ही फाडते. ओला टप मिटून ठेवू नये. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत त्याला लवकरच बुरशी धरते.

पण नुसता जोर लावला तर काय बिघडते?

हा प्रश्न रास्त आहे, कारण पुष्कळदा जोर लावून टप हलतोही. तो का हलतो ते पाहिले पाहिजे. तेलाला वाट नसताना दांडा सरकला, याचा अर्थ तेलाने कुठेतरी स्वतःची वाट काढली: सील उलटले, जुनी रबरी पाइप फुटली, किंवा काहीच फुटले नसेल तर दांडा वा बिजागरीची पट्टी वाकली. सील आणि पाइप बदलता येतात. वाकलेली पट्टी सरळ करणे हे फार कसबाचे काम आहे, आणि अनेक मॉडेलांचे सांगाडे आज नव्याने मिळत नाहीत. माझ्या मते रस्त्यावर अडलेल्या मालकाने पाऊस अंगावर घ्यावा, सीटवर ताडपत्री टाकावी, पण अडलेल्या सांगाड्याला चार माणसे लावू नयेत. भिजलेली सीट वाळते.

तेलाची पाइपच सोडली तर काम होणार नाही का?

होईल. पाइप सोडताच तेल बाहेर पडेल आणि टप मोकळा होईल. परंतु ते तेल कोणते आहे यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. जुन्या यंत्रणांत ब्रेक ऑइल भरत असत, आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग सोलून काढते. पुढच्या काळातील गाड्यांत स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल वापरू लागले; ते रंगाला त्या मानाने सौम्य असते, पण गालिचा आणि अस्तर डागाळते. ही दोन तेले एकमेकांत मिसळू नयेत किंवा एकाच्या जागी दुसरे भरू नये, कारण एकासाठी बनवलेले सील दुसऱ्यात फुगतात आणि सगळी यंत्रणा जाम होते. शिवाय पाइप सोडली की आत हवा आणि धूळ शिरते. म्हणून पाइप सोडणे हा शेवटचा मार्ग समजावा.

मग कायमचा हातानेच का लावू नये?

काही मालक तसे करतात आणि त्यात गैर काही नाही. फोर्ड मस्टँगची उघडी गाडी १९६०च्या दशकात बाजारात आली तेव्हा तिचा टप मुळात हातानेच लावायचा होता आणि यांत्रिक टप जादा पैसे मोजून मिळत असे. म्हणजे अशा गाडीत हाताचे काम मूळ रचनेच्या विरोधात जात नाही. मोठ्या, लांब गाड्यांचे सांगाडे मात्र जड असतात. तेथे सिलिंडर केवळ उचलत नाहीत, तर टप खाली येताना त्याचा वेग रोखूनही धरतात. ते काढून टाकले की ते काम दर वेळी माणसांच्या हातांवर येते, आणि दर वेळी दोन माणसे जवळ असतीलच असे नाही. एकट्याने जड टप लावणे हे मी कोणालाही सुचवणार नाही, कारण एका बाजूने उचलले की सांगाडा पिळवटणे जवळजवळ ठरलेले असते.

ज्या गाड्यांना हा क्रम लागू पडत नाही

फोर्डची १९५७ ते १९५९ या काळातली स्कायलायनर कापडी नव्हे, संपूर्ण पोलादी टप डिकीत मिटवत असे. तिच्यात सात विजेच्या मोटारी होत्या आणि टप उचलण्यासाठी स्क्रू-जॅक होते. स्क्रूचा जॅक ढकलून मागे जात नाही, तो फिरवावाच लागतो. तेथे तेलाला वाट देण्याचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या टोकाला मर्सिडीज-बेंझची १९८९ मध्ये आलेली एसएल. तिच्यात टपाबरोबर तो झाकणारे मागचे झाकण आणि कुलपेही तेलाच्या दाबावर चालतात आणि कोणते केव्हा उघडायचे ते इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो. अशा गाडीत झाकण उघडण्याआधी टप ओढला तर दोन्ही बिघडतात, म्हणून पुस्तिकेतील हाताचा क्रम आणि त्यासाठीचे हत्यार गाडीतच ठेवणे आवश्यक आहे.

घरी पोहोचल्यावर

टप हाताने लावून घरी आणलेल्या गाडीचे बटण लगेच दाबून पाहू नये. बायपास व्हॉल्व्ह उघडा असेल तर मोटार नुसतीच फिरेल, आणि पिना काढलेल्या असतील तर मोकळे दांडे वर येऊन अस्तरात घुसतील. आधी गळती शोधावी: सिलिंडरच्या तोंडाशी, पाइपांच्या जोडांवर, पंपाखाली. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे-महापेच्या औद्योगिक पट्ट्यात हायड्रॉलिक होज बनवून देणारी दुकाने आहेत. जुनी पाइप नमुना म्हणून नेली तर त्याच मापाची आणि तशाच जोडांची पाइप करून मिळते. मात्र गाडीत कोणते तेल आहे हे दुकानदाराला सांगितलेच पाहिजे, कारण पाइपच्या आतले रबर त्यानुसार निवडावे लागते. दोन सिलिंडरांपैकी एकच गळत असला तरी दोन्हींचे सील एकाच वेळी बदलावेत, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वेगाने उचलल्या जातील.

जोडणी पूर्ण झाली की व्हॉल्व्ह बंद करावा, पिना त्यांच्या त्यांच्या बाजूला बसवाव्यात, बॅटरी जोडावी आणि पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत टप ठेवून पंपातल्या तेलाची पातळी पाहावी. ती पाहण्याची स्थिती महत्त्वाची आहे, कारण दांडा सिलिंडरमध्ये जागा व्यापतो आणि त्यामुळे टप वर असताना टाकीत उरणारे तेल व खाली असतानाचे तेल सारखे नसते. पहिल्या काही वेळा टप वर-खाली करताना तो थरथरेल आणि पंप खरखरेल. ती आत राहिलेली हवा असते. प्रत्येक फेरीनंतर मोटार थोडी थंड होऊ द्यावी, पातळी पुन्हा पाहावी आणि कमी झाले असेल तेवढेच तेल भरावे, ते दोन्ही दांडे एका वेगाने आणि आवाज न करता वर येईपर्यंत.